शरीफ : नावाचा अर्थ, इतिहास आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेरूळच्या भोसल्यांच्या घरात मालोजीराजांना दोन मुलगे झाले. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. थोरल्याचं नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. धाकट्याचं मात्र इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येतं आणि जातं. ते नाव अरबी आहे, आणि अरबस्तानातून निघून वेरूळच्या पाळण्यापर्यंत पोचायला त्याला बरीच शतकं लागली. मुलाचं नाव शरीफ ठेवायचं ठरवणारे आईबाप, स्वतःचंच नाव शरीफ असलेली मंडळी आणि इतिहास वाचताना 'शरीफजी'पाशी अडखळलेले वाचक, या सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

शरीफ या नावाचा अर्थ काय?

थोर, मानाचा, उच्च कुळातला. आपल्याकडे बोलताना 'शरीफ माणूस' म्हटलं की सज्जन, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस डोळ्यांपुढे येतो. अरबीतला मूळ अर्थ याहून वेगळा होता. तिथे आधी उंची आहे, मग कूळ, आणि त्यानंतर स्वभाव.

या शब्दाचं मूळ शीन, रे, फे या तीन अक्षरांत आहे. 'शरफ' म्हणजे उंचवट्याची जागा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मान, प्रतिष्ठा. 'शुर्फा' म्हणजे घराचा सज्जा, आणि किल्ल्याच्या तटावरच्या चर्या सुद्धा. सपाट वाळवंटात ज्याला उंचवटा मिळाला त्याला लांबवरचं दिसतं आणि तोही सगळ्यांना दिसतो. जमिनीची ती उंची माणसाला लागू झाली आणि शरीफ म्हणजे चारचौघांत उठून दिसणारा, वरच्या पायरीवरचा माणूस असा अर्थ झाला. मराठीत 'थोर', 'उच्च', 'वरिष्ठ' हे शब्द असेच मोजमापातून मानाकडे गेले आहेत.

एका मराठी शब्दात सांगायचं तर मी 'घरंदाज' म्हणेन. त्यात घराणंही आहे आणि वागण्याची रीतही आहे. 'सज्जन' म्हटलं की घराणं सुटतं, 'कुलीन' म्हटलं की वागणं सुटतं.

हा शब्द तयार कसा होतो?

अरबीत तीन अक्षरांचं मूळ ठरलेल्या साच्यात ओतून शब्द घडवतात. शरीफ ज्या साच्यातला आहे तो तुम्हाला आम्हाला तोंडपाठ आहे, फक्त तो साचा आहे हे ठाऊक नसतं. गरीब, वकील, हकीम, अमीर, फकीर, करीम, रहीम, सलीम, कबीर हे सगळे त्याच साच्यातून निघाले. पहिल्या अक्षरात 'अ', दुसऱ्यात दीर्घ 'ई', तिसरं मोकळं. एखाद्यात मुरलेला, त्याचा स्थायीभाव झालेला गुण सांगायला हा साचा फार वापरतात. म्हणून शरीफ म्हणजे एखाद्या दिवसापुरता मान मिळालेला माणूस नव्हे. मान त्याच्या अंगचाच आहे, असं हा शब्द सांगतो.

ज्याला मान बाहेरून दिला गेला त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे : मुशर्रफ.

हे नाव कुराणात आहे का?

नाही. नुसता 'शरीफ' शब्दच नव्हे, तर शीन-रे-फे या मुळापासून झालेला कुठलाच शब्द कुराणात येत नाही. माणसाच्या थोरवीबद्दल कुराणाच्या ४९व्या अध्यायातली १३वी आयत प्रसिद्ध आहे : तुमच्यात ईश्वराच्या लेखी सर्वांत सन्माननीय तो, जो सर्वांत जास्त ईश्वराचं भय बाळगून वागतो. पण तिथला शब्द 'अकरम' आहे, म्हणजे करीमच्या कुळातला.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, मात्र शरीफ येतो, आणि जिथे येतो ती जागा हे नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. मख्झूम या वजनदार कुळातल्या एका बाईने चोरी केली. शिक्षा टळावी म्हणून लोकांनी पैगंबरांच्या लाडक्या उसामाला मध्यस्थीला धाडलं. पैगंबर रागावले. तुमच्या आधीचे लोक बुडाले ते यामुळेच, असं ते म्हणाले : त्यांच्यातल्या शरीफाने चोरी केली तर ते त्याला सोडून देत आणि दुबळ्याने केली तर शिक्षा करत. माझी मुलगी फातिमा असती तरी मी शिक्षा केलीच असती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे.

इथे 'शरीफ'चा अर्थ सज्जन असा घेता येत नाही, कारण सज्जन चोरी कशाला करेल? इथे तो बड्या घरचा आहे. त्या काळच्या अरबीत शरीफ म्हणजे टोळीतला मानकरी, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. त्याने चांगलं वागलंच पाहिजे असं त्या शब्दात कुठेही नव्हतं.

आधी नाव होतं की पदवी?

आधी विशेषण, मग पदवी, आणि नाव म्हणून सर्रास वापर त्यानंतर. इस्लामपूर्व अरबांत टोळ्यांच्या प्रमुखांना 'अश्राफ' म्हणत. शरीफचं ते अनेकवचन. इस्लाम आल्यावर मानाचं केंद्र हळूहळू पैगंबरांच्या घराण्याकडे सरकलं. अब्बासी खलिफांच्या काळात बनू हाशिम या त्यांच्या सगळ्या कुळाला शरीफ म्हणत. इजिप्तमध्ये फातिमी खलिफा आले आणि ही पदवी हसन व हुसेन या पैगंबरांच्या दोन नातवांच्या वंशजांपुरती राहिली.

पदवी आली की तिची नोंदवही येते. मोठ्या शहरांत 'नकीब अल-अश्राफ' नावाचा अधिकारी नेमलेला असे. खऱ्या वंशजांची वंशावळ सांभाळायची, खोटे दावेदार वेगळे काढायचे हे त्याचं काम. बगदादचा शरीफ अर-रदी (मृत्यू १०१५) हा कवी असाच एक नकीब होता. पैगंबरांचे जावई हजरत अली यांची भाषणं आणि पत्रं त्याने एकत्र केली आणि तो संग्रह शिया घरांत आजही आदराने वाचतात. पुढे इजिप्तचा मामलूक सुलतान शाबान याने हिजरी ७७३ मध्ये, म्हणजे १३७१–७२च्या सुमाराला, शरीफांनी पागोट्याला हिरवी खूण लावावी असा हुकूम काढला. रस्त्यातून जाताना कुणाला मान द्यायचा ते कळावं म्हणून.

शरीफ आणि सय्यद एकच का?

अर्थ जवळचा, वापर देशागणिक वेगळा. मक्का-मदिनेच्या हिजाझ प्रांतात हसनच्या वंशजांना शरीफ आणि हुसेनच्या वंशजांना सय्यद म्हणायची पद्धत होती. मोरोक्कोत शरीफ हाच शब्द रुळला. भारतात मात्र वंशाची खूण म्हणून सय्यद राहिला आणि शरीफ हे कुणीही ठेवावं असं साधं नाव झालं. म्हणून भारतात कुणाचं नाव शरीफ आहे एवढ्यावरून तो पैगंबरांच्या वंशातला आहे असं धरून चालू नये. आणि नाव ठेवायला वंशावळ लागते का, असं विचारणाऱ्यांना सांगतो : नाही, बिलकूल लागत नाही.

मक्केचे शरीफ म्हणजे कोण?

मक्का शहराचे आणि तिथल्या यात्रेचे वंशपरंपरागत कारभारी. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात हसनच्या वंशातल्या एका घराण्याने मक्केचा ताबा घेतला आणि १९२४–२५ मध्ये सौदींनी हिजाझ जिंकेपर्यंत ही गादी कुठल्या ना कुठल्या शाखेकडे राहिली. वर सत्ता कधी कैरोची, कधी इस्तंबूलची, पण मक्केत शरीफ होताच.

यातलं जगाला ठाऊक असलेलं नाव शरीफ हुसेन यांचं. १९१६च्या जूनमध्ये त्यांनी तुर्कांविरुद्ध अरब उठाव पुकारला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा मुलगा फैसल इराकचा राजा झाला आणि दुसरा मुलगा अब्दुल्ला जॉर्डनचा अमीर, पुढे राजा. जॉर्डनचं आजचं राजघराणं तेच. मोरोक्कोचं राजघराणंही शरीफ आहे. सतराव्या शतकापासून तिथे अलवी घराणं राज्य करतं, आणि फ्रेंचांच्या अमलात त्या देशाचा अधिकृत उल्लेख शरीफी साम्राज्य असाच होई. तिकडे बोर्निओ बेटावर पोंटियानाक हे शहर १७७१ मध्ये वसवलं तेही शरीफ अब्दुर्रहमान यांनीच. एक शब्द अटलांटिकच्या काठापासून विषुववृत्तावरच्या जंगलापर्यंत गेला, आणि त्याला नेलं व्यापाऱ्यांनी, सुफींनी आणि नशीब काढायला निघालेल्या धाकट्या मुलांनी.

शहाजी आणि शरीफजी ही नावं कुठून आली?

परंपरा अशी आहे : मालोजीराजे आणि उमाबाई यांना मूल होत नव्हतं. त्यांनी अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) शाह शरीफ या पिराला नवस केला. दोन मुलगे झाले. पिराच्या नावाचा पहिला शब्द थोरल्याला दिला आणि दुसरा धाकट्याला. दोन्हींना आपला 'जी' जोडला. शहाजी, शरीफजी. त्या पिराचा दर्गा नगरमध्ये आजही आहे.

या नावांकडे मी कितीदा पाहिलं तरी मला नवल वाटतं ते त्यातल्या साधेपणाचं. 'शाह' फारसी आहे, राजाला किंवा फकिराला लावतात, 'शरीफ' अरबी. पिराचं नाव अर्धं अर्धं करून दोन भावांत वाटून दिलं, जशी प्रसादाची वाटणी करावी. एका भावाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप आठवावं. नवस फेडायची याहून सुंदर रीत मला ठाऊक नाही.

शरीफजी फार जगले नाहीत. १६२४ मध्ये भातवडीची लढाई झाली. एका बाजूला मलिक अंबरची निजामशाही फौज, दुसऱ्या बाजूला मोगल आणि आदिलशाही मिळून. भोसले बंधू निजामशाहीकडून लढले. निजामशाही जिंकली, शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं, आणि शरीफजी रणात पडले. भातवडी नगरपासून काही कोसांवर आहे. ज्या पिराच्या नावाने बारसं झालं, त्याच्याच परिसरात त्यांनी देह ठेवला.

तंजावरचे सरफोजी हे नाव यातूनच आलं का?

हो, सरफोजी हे शरीफजीचंच वळण मानलं जातं. नावांची जोडीच ते सांगते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्य उभं केलं. त्यांच्या मुलांची नावं शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. म्हणजे आजोबा आणि त्यांचा रणात पडलेला भाऊ, दोघांची नावं नातवंडांत पुन्हा आली. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला देतात. इथे धाकटे आजोबाही विसरले गेले नाहीत.

तंजावरला मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत एकत्र नांदत. तिथल्या संस्कृत पंडितांनी सरफोजीचं शरभोजी केलं, कुठे शरभेंद्र केलं. शरभ म्हणजे पुराणांतला आठ पायांचा अद्भुत प्राणी, शिवाचं एक उग्र रूप. मक्केचा शब्द नगरच्या पिराकडून वेरूळला आला, तिथून कावेरीकाठी गेला आणि शिवाच्या अवतारात मिसळला. हे कुणी ठरवून केलं नाही. ज्याच्या तोंडात जो शब्द बसला तो त्याने आपलासा केला.

या नावाचा सर्वांत मोठा धनी म्हणजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८–१८३२). सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी नावारूपाला आणलं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तो त्यांनीच १८०३ मध्ये कोरवून घेतला. महाराष्ट्रातून तंजावरला जाणाऱ्यांनी मंदिराच्या शिखराकडे बघून झाल्यावर त्या भिंतीपाशी जरूर थांबावं.

हिंदू घरात अरबी नाव? हे अपवाद होतं का?

मुळीच नाही. हैबतराव, सुलतानजी, फकिरा, पिराजी, साहेबराव ही नावं आपल्या गावागावांत होती आणि काही अजून आहेत. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीचा सोहळा ज्यांनी शिस्तीत बसवला ते हैबतबाबा आरफळकर. 'हैबत' हा अरबी शब्द, अर्थ दरारा. वारीतल्या एकाही माणसाला ते नाव परकं वाटत नाही, वाटू नयेच. फकिरा तर शरीफच्याच साच्यातला शब्द, फक्त शेवटी मराठी काना लागला. ज्याच्या पुण्याईवर विश्वास बसला त्याचं नाव लेकराला दिलं. तो संत कुठल्या धर्माचा हा प्रश्न नवस करणाऱ्या आईला पडला नाही.

अशरफ, मुशर्रफ, तशरीफ, मुश्रीफ हे सगळे शब्द एकाच घरचे का?

एकाच घरचे.

अशरफ म्हणजे 'अधिक थोर' किंवा 'सर्वांत थोर'. नाव म्हणून तेही फार चालतं. दीर्घ 'रा' असलेलं 'अश्राफ' वेगळं, ते शरीफचं अनेकवचन. मराठीत दोन्ही अशरफच लिहिले जातात आणि घोळ होतो. मुशर्रफ म्हणजे ज्याला मान दिला गेला तो. तशरीफ म्हणजे मान देणं, म्हणून 'तशरीफ लाइए' म्हणजे येऊन आम्हाला मान द्या. शर्फुद्दीन म्हणजे धर्माची शान. सोन्याची अशरफीसुद्धा याच घरची : इजिप्तचा मामलूक सुलतान बर्सबाय याचा किताब होता अल-अशरफ, त्याने १४२५ मध्ये पाडलेलं सोन्याचं नाणं अशरफी झालं, आणि पुढे इराण-हिंदुस्थानात कुठल्याही राजाची मोहोर त्या नावाने चालू लागली.

मला सगळ्यांत आवडतो तो मुश्रीफ. कोल्हापूरकडचं हे आडनाव राजकारणामुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मूळ अरबी 'मुश्रिफ' म्हणजे उंचावरून पाहणारा, देखरेख करणारा. दिल्लीच्या सुलतानांकडे राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या बड्या अधिकाऱ्याला मुश्रिफ-ए-ममालिक म्हणत. सज्जा, चर्या, थोर माणूस आणि हिशेब तपासणारा अधिकारी. सगळ्यांच्या मुळाशी तीच उंच जागा आहे.

मग सराफ? आणि मुंबईचा शेरीफ?

दोघांचाही शरीफशी संबंध नाही, फक्त कानाला जवळचे वाटतात.

सराफ अरबीच आहे, पण त्याचं मूळ स्वाद, रे, फे. पहिलं अक्षर शीन नाही. त्या मुळाचा अर्थ फिरवणं, बदलणं. नाणी बदलून देणारा तो सर्राफ. आपल्याकडे नाणी पारखणारा माणूस पुढे दागिने विकू लागला आणि सराफकट्टा झाला.

शेरीफ तर अरबीच नव्हे. ते जुनं इंग्रजी पद, परगण्याचा कारभारी अशा अर्थाचं. मुंबईत या मानाच्या पदाला मराठीत नगरपाल म्हणतात. दिलीपकुमार, सुनील गावस्कर यांनी ते भूषवलं आहे.

'अश्राफ' हा शब्द जातीच्या चर्चेत का येतो?

कारण भारतातल्या मुस्लिम समाजात सय्यद, शेख, मोगल, पठाण या स्वतःला बाहेरून आलेल्या मानणाऱ्या घराण्यांना अश्राफ म्हटलं गेलं, आणि इथल्या कारागीर, कष्टकरी जातींना त्याखालची नावं दिली गेली. विणकर, खाटीक, पिंजारी, बागवान हे लोक शरीफ नाहीत, असं त्या शब्दानेच ठरवून टाकलं. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली तेव्हा तिने हाच प्रश्न विचारला, आणि दिलीपकुमार यांनी त्या चळवळीला उघड पाठबळ दिलं. ते स्वतः पेशावरच्या पठाण घरातले, म्हणजे या उतरंडीत वरच्या पायरीवरचे. म्हणून त्या पाठबळाला विशेष मोल आहे.

या प्रश्नावर माझं मत लपवत नाही. शब्दाचा जन्म कुळाच्या अभिमानात झाला हे खरं. पण बोलणाऱ्या माणसांनी त्याला कुळातून सोडवून वागण्याकडे आणलं. रिक्षावाल्याने विसरलेली पिशवी परत आणून दिली की आपण 'शरीफ माणूस' म्हणतो, त्याचं आडनाव विचारत नाही. मख्झूमी बाईच्या प्रसंगात ज्या शरीफाला चोरीची सूट मिळत होती, तो अर्थ आज आपल्या तोंडात उरलेला नाही. नाव ठेवायचं तर हा अर्थ मनात धरून ठेवावं.

या नावाची प्रसिद्ध माणसं कोण?

यादी लांब होईल, मी चारच घेतो.

अल-इद्रीसी हा भूगोलकार 'शरीफ अल-इद्रीसी' म्हणूनच ओळखला जातो, कारण तो मोरोक्कोच्या इद्रीसी घराण्यातला, हसनच्या वंशातला. सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात बसून त्याने ११५४ मध्ये जगाचा नकाशा आणि त्याचं वर्णन पुरं केलं. त्या नकाशात दक्षिण वरच्या बाजूला आहे. तो कधी इकडे आला नाही, पण खलाशी आणि व्यापारी यांच्या माहितीवरून त्याने कोकण किनाऱ्यावरची ठाणं, सोपारा, चौल ही बंदरं नोंदवली. चौलला तो सैमूर म्हणतो.

ओमर शरीफ हे नट मूळचे मिशेल शलहूब, १९३२ मध्ये अलेक्झांड्रियात एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. शरीफ हे त्यांनी निवडलेलं नाव. १९६२ मध्ये अरब उठावावरच्या एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटात त्यांनी रंगवलेलं पात्रही शरीफ अली नावाचंच होतं.

पाकिस्तानचे पंतप्रधान झालेले नवाझ आणि शाहबाझ शरीफ या भावांचं आडनाव म्हणजे त्यांच्या वडिलांचं पहिलं नाव. त्यांचे वडील मियाँ मुहम्मद शरीफ. आपल्या दख्खनी मुस्लिम घरांतही बापाचं नाव असंच आडनाव होऊन बसतं.

आणि अयोध्येचे मोहम्मद शरीफ. सायकल दुरुस्त करणारे. १९९२ मध्ये त्यांचा तरुण मुलगा मारला गेला आणि त्याचं प्रेत बेवारस म्हणून गेलं. त्यानंतर त्यांनी बेवारस प्रेतांना अखेरचा निरोप द्यायचं काम हाती घेतलं, हिंदूंचं दहन आणि मुसलमानांचं दफन, ज्याच्या त्याच्या रीतीने. हजारो प्रेतं. लोक त्यांना शरीफ चाचा म्हणत. २०२०च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. या नावाचा अर्थ कुणी विचारला तर मी शब्दकोश न उघडता त्यांचं नाव सांगतो.

मराठीत शरीफ लिहायचं की शरिफ?

शरीफ, दीर्घ 'री'. अरबीतही तो स्वर दीर्घच आहे आणि मराठीचा नियमही तेच सांगतो. गरीबचं 'गरिबाला' होतं, वकीलचं 'वकिलाला', पण विशेषनामात ऱ्हस्व करायचं नाही : शरीफला, शरीफने, शरीफचा. शेवटचा 'फ' दात ओठाला टेकवून उच्चारायचा, फणसातल्यासारखा नव्हे.

रोमन लिपीत मात्र अनेक रूपं चालतात. मधला स्वर एका अक्षराने लिहा की दोन, पण जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांत एकच ठेवा. मागून बदलायचं झालं तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात या वाटेने जावं लागतं. पहिल्याच दिवशी कागदावर नीट लिहून घेतलं की तो त्रास वाचतो.

अब्दुल शरीफ असं नाव बरोबर आहे का?

'अब्दुल'पुढे ईश्वराचं नाव येतं : अब्दुल करीम, अब्दुल रहीम. ईश्वराच्या ९९ नावांच्या नेहमीच्या यादीत शरीफ नाही. म्हणून मोहम्मद शरीफ, शरीफ अहमद अशा जोड्या घ्याव्यात.

अबजद हिशेबाने किती अंक होतात?

अबजद म्हणजे प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेला अंक देण्याची रीत. शीन ३००, रे २००, ये १०, फे ८०. बेरीज ५९०. जुने शायर याच हिशेबाने शब्दांत सन गुंफत.

मुलीसाठी काय रूप?

शरीफा. तुर्कस्तानात शेरिफे, मलेशियात शरीफाह. हिंदीत सीताफळालाही शरीफा म्हणतात, त्यामुळे उत्तरेत मुलीला शाळेत चिडवतील अशी भीती काही आया बोलून दाखवतात. इकडे मराठी मुलुखात ते फळ सीताफळच आहे, काळजी नसावी.

अजमेर शरीफ, मजार-ए-शरीफ यांत शरीफ कशासाठी?

तिथे तो जागेचा मान आहे. मजार-ए-शरीफ म्हणजे पवित्र मजार. अफगाणिस्तानातल्या त्या शहराचं नाव हजरत अलींच्या मानल्या जाणाऱ्या मजारीवरून पडलं. अजमेर, बिहार शरीफ, मनेर, आणि आपल्याकडे भाविक खुलदाबादलाही शरीफ जोडतात. कुराण शरीफ, मीलाद शरीफ हेही तसंच. जेरुसलेमच्या पवित्र आवाराचा उल्लेख वर्तमानपत्रांत 'हरम अल-शरीफ' असा येतो. अरबी कानाला तो 'अल-हरम अश-शरीफ' आहे, कारण शीनच्या आधी 'अल'मधला 'ल' शीनमध्येच विरघळतो.

'इस्मे शरीफ' म्हणजे काय?

इस्म म्हणजे नाव. उर्दूत आदराने नाव विचारताना 'आपका इस्मे शरीफ?' म्हणतात, आपलं शुभनाव, तसं. रीत अशी की विचारणाऱ्याने समोरच्याच्या नावाला शरीफ म्हणायचं आणि सांगणाऱ्याने स्वतःला लहान करून उत्तर द्यायचं. त्यामुळे ज्याचं नावच शरीफ आहे तो जुन्या वळणाचा माणूस सांगतो, 'नाचीज को शरीफ कहते हैं.'